विशी उलटल्यानंतरची मल्लविद्या

मल्लविद्येचे बाळकडू लहानपणीच मिळावे लागते, मिसरूड फुटल्यावर तालमीची पायरी चढणे म्हणजे बाजार उठल्यावर दुकान मांडणे होय, असा समज आपल्या मराठी समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. हा समज सर्वस्वी खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि तो जितका खरा मानला जातो तितका खरा नाही, आणि जेथे तो खरा आहे तेथे त्याची कारणे वेगळी आहेत. त्या कारणांचा थोडा विचार या स्मरणिकेच्या निमित्ताने करावा असे मनात आले.

निमित्तही तसेच आहे. शाळा सोडून सहा-सात वर्षे झालेले आमचे विद्यार्थी अधूनमधून घरी येतात. कोणी मकरपुऱ्याच्या कारखान्यात पाळीवर असतो, कोणी बँकेत, कोणी वडिलांच्या दुकानात. पूर्वी हे लोक मुलाच्या प्रवेशासाठी किंवा दाखल्यासाठी येत. अलीकडे त्यांतला एखादा चहाचा कप खाली ठेवून हळूच विचारतो, "सर, चोविसावे लागले. आता मुष्टियुद्ध शिकलो तर स्पर्धेत उतरता येईल का?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याला उत्तर मिळत नाही तो तरुण कोठल्यातरी गल्लीतील व्यायामगृहात जाऊन पैसे भरतो आणि पहिल्याच महिन्यात डोक्यावर मार खाऊन येतो.

बडोद्यात तरी या विद्येचा अभिमान कोणाला शिकवावा लागत नाही. जुम्मादादांनी १८८० साली सुरू केलेली तालीम आणि पुढे त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांनी वाढविलेले व्यायाम मंदिर ही नावे येथील जुन्या मराठी घरांत अजून आदराने घेतली जातात. व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळात येथूनच निघाले. परंतु अभिमान निराळा आणि वाट दाखविणे निराळे. जुन्या वस्तादांच्या पद्धतीत आठ-दहा वर्षांचा पोर गृहीत धरलेला असे. चोवीस वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या, कदाचित लग्न झालेल्या माणसासाठी त्या पद्धतीत जागाच नव्हती.

आता कुस्ती उशिरा का साधत नाही ते पाहू. कुस्तीत ताकदीपेक्षा स्पर्शाचे ज्ञान मोठे. प्रतिस्पर्ध्याचे वजन कोणत्या पायावर गेले, त्याची मान कोणीकडे कलली, हे डोळ्यांनी पाहून ओळखावयाचे नसते. ते अंगाला अंग लागताच कळावे लागते. धोबीपछाड किंवा ढाक तोंडी समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतात, पण ती मारण्याचा क्षण ओळखण्यास हजारो लढती लागतात. ज्याने दहाव्या वर्षापासून रोज माती अंगाला लावली त्याच्याजवळ हा साठा असतो. चोविसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याजवळ तो नसतो आणि नोकरी सांभाळून तो जमविण्यास वेळही नसतो. म्हणून राज्य पातळीवरच्या कुस्तीचे स्वप्न घेऊन येणाऱ्या प्रौढ नवशिक्यास आम्ही स्पष्ट सांगतो की ते बहुधा घडणार नाही. जिल्ह्याच्या पातळीवर चार लढती खेळावयाच्या असतील तर मात्र अवश्य घडेल.

मुष्टियुद्धाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे मूलभूत ठोसे मोजके, पदन्यास ठरलेला, आणि उंची, हाताची लांबी व चपळाई यांचा उपयोग लवकर होतो. म्हणून उशिरा येऊन शिखर गाठणारे मुष्टियोद्धे सापडतात. अमेरिकेचा रॉकी मार्सियानो सैन्यातून परतल्यावर विशी उलटून गेल्यानंतर या खेळाकडे गंभीरपणे वळला, १९५२ साली एकोणतिसाव्या वर्षी हेवीवेट जगज्जेता झाला, आणि १९५६ साली एकही लढत न हरता, ४९ विजय घेऊन निवृत्त झाला. त्याच देशाचा डिऑन्टे वाइल्डर विसाव्या वर्षी व्यायामशाळेत शिरला आणि २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये त्याने कांस्यपदक घेतले. इंग्लंडच्या अँथनी जोशुआने अठराव्या वर्षी हातमोजे घातले, आणि २०१२ साली लंडनला त्याला सुवर्णपदक मिळाले. आपल्या मणिपूरच्या मेरी कोमनेही मुष्टियुद्ध २००० सालाच्या सुमारास सुरू केले. तोवर त्या मैदानी खेळ खेळत. पुढे जुळ्या मुलांची आई झाल्यावर २०१२ साली त्यांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले.

ही उदाहरणे वाचून कोणाचे डोके फिरू नये म्हणून एक गोष्ट लगेच सांगतो. वाइल्डर आणि जोशुआ हे दोघेही साडेसहा फुटांच्या आसपासचे धिप्पाड गडी. वजनदार गटांत माणसे कमी आणि चुरस उशिरा लागते. आपला साडेपाच फुटी, साठ किलो वजनाचा तरुण ज्या गटात उतरतो तेथे त्याच्यासमोर दहा-बारा वर्षे सराव केलेली, हरियाणात किंवा सैन्यदलात घडलेली पोरे उभी असतात. गट हलका तितकी गर्दी जास्त, हे ध्यानात असू द्यावे.

प्रौढ वयात नवे शिकण्याचे खरे सुंदर उदाहरण आम्हाला आपल्याच माणसाचे वाटते. खाशाबा जाधव हे काही उशिरा आलेले मल्ल नव्हेत. गोळेश्वरच्या मातीत ते लहानपणापासून वाढले. परंतु १९४८ साली बाविसाव्या वर्षी लंडनला गेले तेव्हा गादीवरची कुस्ती आणि तिचे गुणांचे नियम त्यांना जवळजवळ नवे होते. तरी ते सहावे आले. पुढील चार वर्षे त्यांनी त्या नव्या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. (शिक्षकी पेशातल्या माणसाला ही हकीकत सांगताना थोडी मान ताठ करावीशी वाटते, हे वाचकांनी क्षम्य मानावे.)

नियमांच्या बाजूने पाहिले तर दार बंद नाही. हौशी मुष्टियुद्धात वरिष्ठ गट सर्वसाधारणपणे १९ ते ४० वर्षांचा असतो. कुस्तीत वरिष्ठ गटाला वरची मर्यादा नाही, शिवाय आंतरराष्ट्रीय संघटनेने ३५ ते ६० वर्षांच्या मल्लांसाठी निराळ्या स्पर्धा ठेवल्या आहेत. जुदोत तिशीपासूनच ज्येष्ठांचे गट सुरू होतात. ब्राझिलियन जुजुत्सू या जुदोतूनच निघालेल्या प्रकारात तर पट्ट्याच्या रंगावरून गट पडतात, म्हणजे पांढऱ्या पट्ट्याचा नवशिका पांढऱ्या पट्ट्याच्याच नवशिक्याशी लढतो. अठ्ठाविसाव्या वर्षी आरंभ करणाऱ्याला आम्ही जुदो किंवा जुजुत्सू सुचवितो ते याच कारणासाठी. तेथे डोक्यावर ठोसे नाहीत, बरोबरीचा प्रतिस्पर्धी मिळतो, आणि पराभव मान्य असल्यास हाताने दोनदा थोपटले की लढत थांबते.

डोक्याचा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा काढतो. १९२८ साली हॅरिसन मार्टलँड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला वर्षानुवर्षे बसणाऱ्या धक्क्यांचे परिणाम वैद्यकीय नियतकालिकात मांडले. बोलणे अडखळणे, चाल डळमळणे, स्मरण जाणे ही लक्षणे तेव्हापासून शास्त्राला ठाऊक आहेत. मनुष्य बेशुद्ध पडला तरच इजा झाली, ही समजूत चुकीची आहे. सरावात रोज बसणारे लहान धक्केही साठत जातात. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला त्याच्या व्यायामगृहात तिसऱ्याच आठवड्यात दहा किलोंनी जड असलेल्या गड्यापुढे उभे केले. दोन दिवस डोके ठणकत होते, उजेड सहन होत नव्हता, तरी तो गप्प राहिला, कारण "मर्दाने सांगायचे नसते." त्याच्या आईने आमच्याकडे निरोप पाठविला तेव्हा हे कळले. अशी लक्षणे दिसली की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि ती पूर्ण जाईपर्यंत ठोशांचा सराव बंद ठेवावा. डोक्यावरील माराने लढत थांबली तर हौशी मुष्टियुद्धाच्या नियमांतच किमान ३० दिवसांची सक्तीची विश्रांती आहे. पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसणे प्राणघातक ठरू शकते.

म्हणून व्यायामगृह पाहावयास जाताना आरसे आणि यंत्रे पाहू नयेत. नवशिक्याला प्रत्यक्ष ठोशांच्या सरावाला केव्हा उभे करतात ते विचारावे. पहिले तीन-चार महिने दोरीवरच्या उड्या, पदन्यास, पिशवीवरचे ठोसे आणि हलका जोडीचा सराव यांतच गेले पाहिजेत. जेथे पहिल्याच आठवड्यात "उतर रिंगणात" म्हणतात तेथून चप्पल घालून बाहेर पडावे.

शरीराविषयी थोडेसे. प्रौढाचे स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार झाल्यासारखे दिसतात, पण त्यांना हाडांशी बांधणारे कंडर फार सावकाश बळावतात. म्हणूनच उत्साही नवशिक्याचा खांदा किंवा गुडघा बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, अंगात जोर आल्याची खात्री पटल्यावर, दगा देतो. जोर-बैठका हळूहळू वाढवाव्यात, मानेचे व्यायाम चुकवू नयेत, झोप कमी पडली असेल त्या दिवशी लढत टाळावी. रात्रपाळी करून थेट तालमीत येणाऱ्यांना आम्ही घरी पाठवितो. आरंभापूर्वी रक्तदाब व हृदय तपासून घ्यावे. जाड भिंगाचा उणे नंबर असेल तर मुष्टियुद्धापूर्वी नेत्रवैद्याकडून डोळ्याचा पडदा पाहून घ्यावा. गजकर्ण झालेल्याने गादीवर पाऊल ठेवू नये, एवढे सौजन्य प्रत्येकाने पाळावे.

वजन उतरविण्याचे वेड हा दुसरा मोठा धोका. खालच्या गटात शिरण्यासाठी पाणी तोडणे, रबरी कपडे घालून घाम गाळणे, हे प्रकार नवशिके मोठ्या खेळाडूंचे पाहून करतात. अमेरिकेत १९९७ सालच्या अखेरीस सुमारे महिन्याभरात तीन महाविद्यालयीन मल्ल असे वजन उतरविताना मरण पावले, आणि तेथील नियम बदलावे लागले. पॅरिसला २०२४ साली विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी अवघ्या १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. सोबत जाणकारांचे पथक असलेल्या मल्लाची ही गत, तर एकट्या नवशिक्याची काय कथा? पहिल्या वर्षी नेहमीच्या जेवणावर जे वजन भरेल त्याच गटात खेळावे. आमच्या मोहल्ल्यातील तरुण रमजानमध्ये विचारतात की रोज्याने वजन आपोआप उतरेल ना? रोजा हा इबादतीसाठी असतो, काट्यासाठी नव्हे, हे आम्ही सांगतोच. व्यवहाराचे सांगावयाचे तर त्या महिन्यात इफ्तारपूर्वी हलका सराव, कष्टाचा भाग इफ्तारनंतर, आणि दिवसा ठोशांची लढत मुळीच नको. डब्यातील भुकट्यांपासूनही जपावे. काही भुकट्यांत बंदी असलेली द्रव्ये मिसळलेली असतात, आणि चाचणीत ती सापडली तर "मला ठाऊक नव्हते" हे उत्तर कोणी ऐकून घेत नाही.

शिक्षक या नात्याने आमचे एक निरीक्षण असे की प्रौढ मनुष्य मुलापेक्षा वाईट शिकतो असे नाही, तो निराळ्या रीतीने शिकतो. मूल पाहून उचलते. प्रौढाला कारण सांगावे लागते, आणि एकदा कारण पटले की तो नेमाने सराव करतो, वहीत टिपून ठेवतो, वेळेवर येतो. त्याची अडचण वेगळीच असते. तेरा वर्षांच्या पोराने त्याला पाठीवर आपटले की त्याला लाज वाटते, मग तो श्वास कोंडून नुसत्या जोराने लढू लागतो आणि पोराला दुखवितो. चांगला वस्ताद हे ओळखतो आणि मुद्दामच त्या पोराशी त्याची जोड लावतो. जो सहा महिने ही जोड हसत सोसतो तो बहुधा टिकतो.

पहिली स्पर्धा केव्हा खेळावी? आठवड्यात चार दिवस सराव होत असेल तर वर्ष-दीड वर्ष तरी थांबावे, असे आमचे मत आहे. अमेरिकेत दहापेक्षा जास्त लढती न झालेल्यांचा नवशिक्यांचा गट वेगळा असतो. आपल्याकडे अशी सोय सर्वत्र नसल्याने प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या लढती किती झाल्या हे प्रशिक्षकाने आयोजकांस विचारून घेतले पाहिजे. फार तफावत असेल तर नाव मागे घेण्यात कमीपणा नाही. पहिल्या दोन-तीन लढती हरणे हे जवळजवळ ठरलेलेच. तीन मिनिटांची एक फेरी किती लांब असते हे रिंगणात उभे राहिल्याशिवाय कोणालाही उमगत नाही.

घरच्यांना आधी सांगावे, विशेषतः लग्न झालेल्यांनी. पगार देणारी नोकरी सोडू नये. या खेळांवर पोट भरणारे थोडे, आणि त्यांत पंचविशीनंतर आलेले त्याहून थोडे. मात्र पंच, प्रशिक्षक, शाळेतील क्रीडाशिक्षक या वाटा प्रौढ वयात शिकलेल्यालाही खुल्या असतात, आणि ज्याने स्वतः कारणे विचारून विद्या घेतली तो ती दुसऱ्यास अधिक चांगली समजावतो असा आमचा अनुभव आहे. नोंदणी जिल्हा संघटनेकडे करावी लागते. जन्माचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि छायाचित्रे बरोबर न्यावीत. नावाचे स्पेलिंग दाखल्यावर आणि आधारपत्रावर एकच आहे ना, ते घरूनच पाहून निघावे. आमच्याकडे दाखल्यातील दुरुस्तीसाठी येणाऱ्यांत अलीकडे या मंडळींची भर पडली आहे, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी शाळेचे कार्यालय बहुधा बंद असते.