बंद चक्रातली जिवंत मोटर

भिलाईच्या टाउनशिपमधल्या जुन्या क्वार्टरांना पुढे किंवा मागे थोडंफार अंगण असतं. गणपती, दसरा, दिवाळी, नाताळ असे सगळे सण त्या अंगणात पाठोपाठ सजतात आणि मग सजावट गुंडाळून माळ्यावर जाते. पुढच्या वर्षी ती उतरवली की निम्मी तोरणं पेटत नाहीत, फिरत्या चक्राचा चमकी कागद फाटलेला असतो आणि सगळा ढीग भंगारवाल्याच्या पोत्यात जातो. तो देण्याआधी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसा. मात्र हात आधी दिव्यांना नव्हे, मोटरला घाला.

गणपतीमागे फिरणाऱ्या चक्राच्या पाठीला तळहातात मावेल अशी चपटी, गोल पत्र्याची डबी असते. तीच ही मोटर, हिला सिंक्रोनस मोटर म्हणतात. मायक्रोवेव्हमधली काचेची थाळी फिरवणारी मोटरही याच जातीची. तिच्यावरच्या पट्टीवर बहुधा ‘५/६ आरपीएम, ५०/६० हर्ट्झ’ असं काहीतरी छापलेलं असतं. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर मिनिटाला ५ फेरे आणि ६० असेल तर ६, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे ५०, म्हणून ५. आत कायमचुंबकाचा रोटर असतो आणि तो विजेच्या लयीशी पाऊल जुळवून फिरतो. रोटरला १२ ध्रुव असतील तर त्याचे मिनिटाला ५०० फेरे होतात, आणि पुढची बारीक दातेरी चाकं ते शंभरपट कमी करून ५ वर आणतात. वेग जितका उतरतो तितका पीळ वाढतो. जेमतेम ४ वॉट खाणारी ही मोटर पुठ्ठ्याचं भलं मोठं चक्र तासन् तास फिरवते ती यामुळेच. दांडा हाताने जोर लावून मात्र फिरवू नका, आतली चाकं अनेकदा प्लॅस्टिकची असतात आणि त्यांचे दाते तुटतात.

या मोटरची खरी गंमत वेगळीच आहे. बटण दाबल्यावर ती कुठल्या बाजूला फिरेल याचा भरवसा नाही. त्या क्षणी विजेची लाट कुठे होती आणि रोटर कुठल्या कोनात थांबला होता, यावर ते ठरतं. चक्र कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरताना पाहून अनेकांना ते बिघडलंय असं वाटतं, पण तो तिचा स्वभावच आहे. तिच्या वाटेत अडसर ठेवला तर ती त्याला धडकून उलटी फिरते. दोन बाजूंना दोन अडसर ठेवा, आणि कुठलंही सर्किट न जोडता मान डोलावणारं बुजगावणं तयार! एका दिशेने फिरणारी दुसरी मोटर हाती लागली तर तिच्या दांड्यावर एक आडवी पट्टी बसवा आणि पट्टीच्या टोकाला काडी जोडा. चक्राकार गतीची मागेपुढे होणारी गती होते आणि पुठ्ठ्याचा मावळा दिवाळीच्या किल्ल्यावर तलवार चालवू लागतो.

अमेरिकेतले हौशी लोक नाताळच्या सजावटीतल्या मान हलवणाऱ्या हरणाच्या मोटरी काढून हॅलोविनच्या चेटकिणींना बसवतात. दिवे आणि मोटर यांची सोबत तशी जुनीच. २२ डिसेंबर १८८२ रोजी एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या घरात विजेच्या दिव्यांचं पहिलं नाताळझाड उभं केलं. त्याला लाल, पांढरे, निळे असे ८० दिवे होते आणि अख्खं झाड विजेवर फिरत होतं.

अशी हलती, उजळलेली सजावट पाहायला आपल्याला लांब जायला नको. राजनांदगावच्या गणेश विसर्जनातल्या हलत्या, झगमगत्या झांक्या छत्तीसगडभर नावाजलेल्या आहेत. तिथे रात्रभर मिरवल्यावर त्यातल्या काही रायपूरच्या मिरवणुकीतही जातात. या दोन शहरांच्या मधल्या वाटेवर भिलाई आहे. इथल्या पोलाद कारखान्याच्या कन्व्हर्टरमध्येही वितळलेल्या लोखंडाबरोबर भंगार टाकतात, ते तापमान आटोक्यात ठेवायला. भंगाराची किंमत या गावाला निराळी सांगायला नको.

आता दिवे. बारीक बल्बांच्या जुन्या माळेत ४० बल्ब एकापाठोपाठ एक जोडलेले असतील तर २३० व्होल्टमधले प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसहा येतात. साध्या माळेत एकाची तार तुटली की सगळी माळ अंधारात. तिच्यावर वेळ घालवू नये असं माझं मत. एलईडीची माळ मात्र सोडू नका. ती बंद पडली तरी बहुतेक दाणे शाबूत असतात. तपासायला ३ व्होल्टचा बटण सेल पुरतो. दाण्याचे दोन पाय सेलच्या दोन बाजूंना टेकवा, नाही लागला तर उलटे करून टेकवा, कारण एलईडी वीज एकाच दिशेने जाऊ देतो. लाल दाण्याला साधारण २ व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला ३ च्या आसपास. तीन पेन्सिल सेलचे साडेचार व्होल्ट धरले तर लाल दाण्यासोबत १५० ओहमचा रेझिस्टर पुरे, पांढऱ्यासोबत ८२ चा. सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावू नका. कमी व्होल्टवर चालणारा लाल दाणाच जास्त वीज ओढून घेतो आणि निळे मिणमिणत राहतात.

माळेची ती हिरवी किंवा काळी डबी, जिच्यावरचं बटण दाबलं की लुकलुकण्याची तऱ्हा बदलते, ती मात्र सरळ बाजूला काढा. स्वस्त माळांमध्ये तिच्यात ट्रान्सफॉर्मर नसतो. म्हणजे एवढ्याशा दाण्याच्या उघड्या पायातही घरातली २३० व्होल्टची वीज असू शकते. पावसाच्या सरीत, दवात, ओल्या मातीवर अनवाणी उभ्या मुलाच्या हाती ती लागणं जिवावर बेतू शकतं. चक्राची मोटरही बहुधा थेट २३० व्होल्टवरच चालते. ती अंगणात वापरायची तर जोड झाकलेला, डबी पाण्यापासून बंद आणि घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की ती तोडणारा स्विच, हवी. यातलं एक जरी नसेल तरी मोटर व्हरांड्याच्या आतच ठेवा आणि बाहेरच्या बाहुल्यापर्यंत नायलॉनची दोरी न्या. किंवा ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालणारी छोटी गिअर मोटर वापरा. काम तेच, धोका कितीतरी कमी.

दसरा येतोय. कॉलनीतली मुलं रावण बांधतील, त्याच्या डोळ्यांत लाल एलईडी लावतील, दहा तोंडं हलवतील. दहनाआधी ते दिवे, तारा आणि मोटर काढून घ्यायला त्यांना सांगा. तारेवरचं पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा झोंबरा धूर निघतो आणि तो पहिल्या रांगेतल्या लहानग्यांच्या नाकात जातो. तांब्यासाठी तारा जाळणाऱ्यालाही माळ देऊ नका. उरलेली डबी आणि तारा ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.