तिसरा राउंड

पहाटे साडेपाचला तुमच्या गावातल्या मैदानावर चक्कर मारा. पोलीस भरतीवाली मुलंमुली हमखास दिसतील. कुणाच्या पायात नवे शूज, कुणाच्या पायात भावाचे, कुणी चक्क अनवाणी. सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा, 1600 मीटर. मुलींना 800. मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 गुण या एका धावण्याचे. मुलांनी 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर पूर्ण 20, पुढे सेकंद वाढतील तसे गुण गळतात.

400 मीटरच्या ट्रॅकवर 1600 म्हणजे चार राउंड. पहिल्यात सगळेच हिरो. दुसरा कसाबसा निघतो. चौथा शेवटचा असतो, त्यामुळे कुठून तरी जोर येतो. वाट लागते ती तिसऱ्यात. सुरुवातीचा जोश संपलेला, शेवट अजून दिसत नाही, आणि आतून कुणीतरी म्हणतं, ‘आज राहू दे रे, उद्या बघू.’

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली आहे का? तिसऱ्या राउंडला ‘संपलेले’ पाय चौथ्याच्या शेवटच्या 100 मीटरला पळतात कसे? खरंच संपले असते तर पळाले नसते. दक्षिण आफ्रिकेचे शास्त्रज्ञ टिम नोक्स यांची थिअरी अशी, की शरीर पूर्ण रिकामं व्हायच्या आधीच मेंदू ब्रेक लावतो. यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहेत. तरी तिसरा राउंड ज्याने मारलाय त्याला हे पटेल.

मग त्या आतल्या आवाजाला उत्तर काय द्यायचं? 2014 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी 24 जणांना दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग त्यातल्या अर्ध्यांना स्वतःशी काय बोलायचं हे दोन आठवडे शिकवलं. पुढच्या वेळी ते सुमारे 18 टक्के जास्त वेळ टिकले. वाक्यं त्यांनी स्वतःची स्वतः निवडली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. रीलवरचं ‘तू शेर आहेस’ तिसऱ्या राउंडला कामाला येत नाही, मी करून बघितलंय. उलट हसू येतं आणि श्वास तुटतो.

माझी एक मैत्रीण मागच्या भरतीत 800 मीटरच्या दुसऱ्या राउंडला पाच-सहा पावलं चालली. फक्त पाच-सहा. शेवटी मेरिटला दोन गुण कमी पडले. पाय गेले म्हणून ती थांबली नव्हती. पुढची मुलगी लांब गेलेली दिसली आणि ‘आता काही होत नाही’ असं वाटलं, म्हणून थांबली, असं ती स्वतःच सांगते. तिच्या घरी अजून ती पावलं कुणाला माहीत नाहीत.

आता तिचं वाक्य आहे, ‘त्या झाडापर्यंत.’ वळणावर कडुलिंब आहे, तिथपर्यंतच पळायचं. झाड आलं की पुढचा खांब. बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा इव्हेंट आठवा. 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 28 अडथळे आणि वर 7 पाण्याच्या उड्या असतात. सगळ्या 35 उड्यांचं ओझं डोक्यावर घेऊन कोण पळेल?

दोन साध्या गोष्टीही करा. पहिला राउंड मुद्दाम जरा हळू घ्या, कारण तिसऱ्यातलं निम्मं रडगाणं पहिल्यातल्या शो-ऑफमुळे असतं. आणि त्रास सुरू झाला की मुठी बघा. आवळलेल्या असतील. सोडा, खांदे आपोआप खाली येतात.

मात्र छातीत दुखणं, चक्कर, डोळ्यांसमोर अंधारी किंवा गुडघ्यात अचानक कळ आली तर कुठलंही वाक्य म्हणायचं नाही. थांबायचं. भरतीच्या मैदानावर जीव गेलेल्या मुलांच्या बातम्या आपण वाचल्यात. दम लागणं वेगळं, हे वेगळं.

मैत्रीण सध्या रोज 600 मीटर मारते, म्हणजे जिथे चालली होती ती जागा ओळखीची होईल. परवा ती कडुलिंब ओलांडून न थांबता पुढे गेली. टायमिंग किती आलं विचारलं, तर घड्याळ लावायलाच विसरली होती.