मावा पडला तरी लसूणघास तग कसा धरतो? अशी तयार होते प्रतिकारक जात

थंडीत आभाळ आलं की लसूणघासावर मावा चढतो. शेंडे आकसतात, पानं चिकट होतात, पुढच्या कापणीला घास कमी निघतो. फवारणी करावी, तर तोच घास दुभत्या गाईच्या दावणीत जाणार. म्हणून या पिकात औषधापेक्षा किडीला दाद न देणारी जात जास्त मोलाची.

वाळलेल्या मळ्यातली नऊ झाडं

१९५४ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात ठिपक्यांचा मावा आढळला आणि लगेच आजूबाजूच्या राज्यांत पसरला. घासाचे मळे वाळले, पण त्यातही एखादं झाड हिरवं राहायचं. शास्त्रज्ञांनी नेमकी तीच झाडं उचलली. 'आफ्रिकन' जातीतल्या अशा नऊ झाडांपासून 'मोआपा' ही जात तयार झाली आणि १९५७ मध्ये शेतकऱ्यांना मिळाली.

काम कसं चालतं?

ट्रेमध्ये हजारो रोपं वाढवून त्यांच्यावर मुद्दाम मावा सोडतात. बहुतेक रोपं मरतात. जी जगतात ती जाळीत एकत्र लावून मधमाश्यांकडून त्यांचं परागीभवन करून घेतात. मिळालेल्या बियाण्याची पुन्हा तीच परीक्षा. असे फेरे बरेच होतात. मग चारा किती निघतो, बी किती भरतं, हे शेतावर तपासतात. एकाच झाडाचं बी वाढवून चालत नाही, कारण स्वपरागीभवनाने घासाची पुढची पिढी कमजोर होते.

'प्रतिकारक' म्हणजे शंभर टक्के नव्हे

घासाच्या एका जातीत सगळी झाडं सारखी नसतात. अमेरिकेत ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाडं किडीला टिकली, की जातीला सर्वात वरचा दर्जा मिळतो. माव्याला टिकणारी जात शेंगा पोखरणाऱ्या अळीला टिकेलच असं नाही. मावाही बदलतो. जुन्या प्रतिकारक जातींवर जगणारा मावा पुढे अमेरिकेतच सापडला. त्यामुळे निवडीचं काम थांबत नाही.

बी धरताना काय पाहायचं?

आपल्याकडे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आरएल-८८ ही जात शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. घास कोणत्याही जातीचा असो, बी घरी धरायचं तर एवढं पाळावं :

- शेजारी दुसऱ्या जातीचा घास फुलोऱ्यात नको. मधमाश्या पराग आणतात आणि जातीचा गुण पातळ होतो.
- फुलोऱ्यात दिवसा फवारणी नको. मधमाश्या मेल्या तर शेंगा भरत नाहीत.
- अमरवेलीचे पिवळे दोरे दिसले, तर तेवढा घास बी धरण्याआधी वेलीसकट कापून जाळावा. त्या प्लॉटचं बी ठेवू नये.
- चाऱ्याच्या घासावर फवारणी करावीच लागली, तर लेबलवर लिहिलेले दिवस पूर्ण झाल्याशिवाय कापणी नको.

विकतचं बी घेताना प्रमाणित पिशवी, जातीचं नाव आणि तारीख पाहूनच घ्यावं. सुटं बी स्वस्त पडतं, पण त्यात अमरवेल आली तर घासाचा वाफाच मोडावा लागतो.