चॅटबॉटला आधी गाव सांगा

एका उन्हाळ्यात डोईफोडियाला वादळ आलं आणि काकांच्या निसवलेल्या बागेतली केळी घडांसकट आडवी झाली. नुकसानीचा अर्ज लवकर द्यायचा होता. काका म्हणाले, "तुझ्या मोबाईलला विचार की!"

मी चॅटबॉटला मराठीत लिहिलं, ‘वादळात केळी पडली, मदतीसाठी अर्ज लिहून दे.’ अर्ध्या मिनिटात अर्ज तयार! भाषा झकास. तलाठ्याने पंचनामा करावा, सोबत सातबारा उतारा जोडला आहे, वर एका शासन निर्णयाचा क्रमांकसुद्धा.

काकांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हा अर्ज जळगावला नेऊन देऊ का?"

बरोबरच होतं त्यांचं. आपला बुऱ्हाणपूर जिल्हा. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतरही हा भाग मध्य प्रदेशातच राहिला. इथे तलाठी नाही, पटवारी. सातबारा नाही, खसरा आणि बी-1. पिकांच्या नुकसानीची मदत मिळते ती ‘राजस्व पुस्तक परिपत्र 6-4’ प्रमाणे, आणि कारभार हिंदीत. मी मराठीत विचारलं, म्हणून चॅटबॉटने मला महाराष्ट्रातला धरलं. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडचण हमखास येते. आणि तो शासन निर्णय? खूप शोधला, कुठेच सापडला नाही. चॅटबॉट शब्दांपुढे शोभतील असे शब्द जुळवत जातो, त्यामुळे खोटा क्रमांकही तो खऱ्याच्या थाटात लिहितो.

दुसऱ्यांदा मी असं लिहिलं: ‘आम्ही मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खकनार तहसिलीत, डोईफोडिया गावी राहतो. वादळात केळीची बाग पडली. पटवाऱ्याकडून सर्वेक्षण व्हावं, यासाठी तहसीलदारांच्या नावे साध्या हिंदीत एका पानाचा अर्ज लिही. खसरा क्रमांक, क्षेत्र आणि तारीख यांच्या जागा रिकाम्या ठेव. माहीत नसेल ते मनाने घालू नकोस, मला विचार.’

या वेळी अर्ज कामाचा निघाला. रिकाम्या जागा काकांनी स्वतःच्या हाताने भरल्या. परिपत्राचा उल्लेख बरोबर आहे ना, हे तहसिलीत विचारून घेतलं, मगच अर्ज दिला.

तेव्हापासून मी चार गोष्टी पाळतो. त्या तुम्हीही पाळा.

पहिली: राज्य, जिल्हा, गाव आधी सांगा. उत्तर कुणासाठी आणि कोणत्या भाषेत हवं, तेही सांगा.

दुसरी: एका वेळी एकच काम द्या. अर्ज, कागदपत्रांची यादी आणि पिकावरचा रोग एकाच वाक्यात कोंबलं, की तिन्ही उत्तरं अर्धवट येतात.

तिसरी: पहिलं उत्तर पटलं नाही तर सोडून देऊ नका. नेमकं काय चुकलं ते सांगा आणि पुन्हा लिहून घ्या. मात्र क्रमांक, तारखा, रक्कम आणि औषधाची मात्रा माणसाकडूनच तपासून घ्या. फवारणीचं प्रमाण चुकलं तर बाग हातची जाते.

चौथी: आधार क्रमांक, बँक खातं, ओटीपी तिथे कधीही लिहू नका. रिकामी जागा ठेवायची आणि कागदावर भरायची.

घरातल्या मोठ्यांना हे शिकवाल तेव्हा त्यांच्या शेजारी बसा. चॅटबॉट चालवायला आपल्याला येत असेल, पण तो कुठे चुकला हे माझ्याआधी काकांच्या लक्षात आलं होतं.