कॉम्प्युटर तापतो, तो निवतो कसा?

आज आपण कॉम्प्युटरबद्दल बोलणार आहोत. "त्यात आपलं काय काम?" असं म्हणू नका. गटाचे हिशोब, कर्जाचे हप्ते, बँकेला पाठवायचे प्रस्ताव, सगळं आता त्याच डब्यातून जातं.

गेल्या मे महिन्यात आमच्या ग्रामसंघाचा कॉम्प्युटर सारखा बंद पडायला लागला. दहा-पंधरा मिनिटं नोंदी कराव्यात, की आतला पंखा घोंघावायचा आणि स्क्रीन काळी व्हायची. थोडा वेळ थांबलं की पुन्हा सुरू. दुरुस्तीवाल्यानं झाकण न उघडताच सांगितलं, "जुना झालाय, नवीनच घ्या." किंमत सांगितली २८ हजार. तेवढेच पैसे आम्ही पेरणीच्या कर्जासाठी बाजूला ठेवले होते. ते यात घातले असते, तर चार जणींचं बी-बियाणं अडलं असतं.

आमच्या सचिवताईंची लेक आयटीआयला शिकते. ती म्हणाली, "आधी उघडून तर बघू." उघडलं, तर आत धुळीची गोधडीच! आमच्या कार्यालयाला लागून मसाला कांडप आहे. मिरची-हळदीची पूड वर्षानुवर्षं आत जाऊन बसली होती.

आता धुळीमुळे कॉम्प्युटर बंद का पडावा? कॉम्प्युटरमध्ये हिशोब करणारा भाग म्हणजे प्रोसेसर. त्याच्या आतला खरा तुकडा नखाएवढा असतो. साध्या कॉम्प्युटरचा प्रोसेसरही जोरात काम करताना ६५ वॅटच्या आसपास वीज घेतो, आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावला की चटका बसायचा, आठवतं ना? तेवढी उष्णता इथे नखाएवढ्या जागेत. तापमान १०० अंशांच्या जवळ गेलं, की प्रोसेसर आधी काम मंद करतो. तरी भागलं नाही, तर जळू नये म्हणून कॉम्प्युटर बंद होतो. म्हणजे आमचा कॉम्प्युटर मेला नव्हता, जीव वाचवत होता.

उष्णता नाहीशी करता येत नाही, ती दुसरीकडे न्यावी लागते. चहा फार गरम असला तर आपण काय करतो? बशीत ओततो आणि फुंकर घालतो. बशीत चहा पसरतो, हवा जास्त लागते, लवकर निवतो. प्रोसेसरच्या डोक्यावर अशीच एक बशी असते, तिला हीटसिंक म्हणतात. ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पातळ पात्या ओळीनं उभ्या असतात, मोटारसायकलच्या इंजिनला असतात तशा. वरचा पंखा म्हणजे फुंकर.

ही बशी कशी असावी, यावर जगभर लोकांनी नाना तऱ्हा करून पाहिल्या आहेत. दक्षिण कोरियातल्या झाल्मन कंपनीनं तांब्याच्या पत्र्यांचं उमललेलं फूल केलं. काही हीटसिंकमध्ये तांब्याच्या बंद नळ्या असतात आणि त्यात थोडंसं पाणी. गरम टोकाला पाण्याची वाफ होते आणि ती थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते, भाताच्या झाकणाखाली होते तशी. मग समईच्या वातीतून तेल चढतं, तसं ते पाणी नळीच्या आतल्या अस्तरातून परत येतं. त्याला ना मोटर लागते, ना वीज.

अॅपल कंपनीनं २००० साली एक चौकोनी कॉम्प्युटर काढला. त्यात पंखाच नव्हता. मधून धुराड्यासारखी पोकळी होती. गरम हवा आपोआप वर जायची आणि खालून थंड हवा यायची. वरची जाळी झाकली, की मात्र कोंडमारा. अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेनं तर पंखा आणि हीटसिंक एकच केला. पात्याच गरगर फिरतात, त्यामुळे धुळीला त्यांच्यावर बसायला फावत नाही.

काहींनी हवाच सोडून दिली. १९८५ चा क्रे-२ हा महासंगणक वीज न वाहणाऱ्या द्रवात अख्खा बुडवलेला असायचा. आपल्या डीपीतला ट्रान्सफॉर्मर तेलात असतो, तसाच. आणि लांब कशाला, पुण्याच्या आयसर संस्थेतला परम ब्रह्म हा महासंगणकही पाणी खेळवून थंड ठेवतात.

तऱ्हा कितीही असोत, प्रश्न दोनच. उष्णतेला पसरायला जागा आहे का, आणि तिला बाहेर न्यायला वाट मोकळी आहे का? आमच्याकडे पात्यांच्या फटी धुळीनं बुजल्या होत्या, आणि कॉम्प्युटर भिंतीला टेकवून मागची जाळीही आम्हीच बंद केली होती.

मग आम्ही काय केलं? वीज बंद केली, सगळ्या वायरी काढल्या, डबा अंगणात नेला. पंखा बोटानं धरून ठेवला आणि कोरड्या मऊ ब्रशनं पात्या झाडल्या. ओलं फडकं अजिबात लावलं नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये एक लेप असतो, तो बारीक फटी भरून काढतो. आमचा लेप वाळून गेला होता. तो त्या मुलीनं पुसून नवा लावला. हे काम मात्र माहीतगाराकडूनच करून घ्या, उगाच हीटसिंक उपसू नका. ब्रश आणि लेप मिळून खर्च आला २०० रुपये.

तुमच्या कार्यालयातही आजच बघा. डबा भिंतीपासून वीतभर लांब आहे का? चालू असताना त्यावर प्लास्टिकचं कव्हर किंवा रजिस्टरं नाहीत ना? लॅपटॉप गादीवर ठेवून वापरत नाही ना? दर तीन महिन्यांनी झाडलोट करा. आणि कुणी "नवीनच घ्या" म्हणालं, तर आधी म्हणा, "दादा, उघडून दाखवा."

आमच्या त्या चौघींची पेरणी वेळेवर झाली. कॉम्प्युटर अजून तोच आहे, हे भाषणही त्याच्यावरच लिहिलंय. पुन्हा भेटू, मैत्रिणींनो!