आकडी कोपाने येत नाही, कारणाने येते!

भर बाजारात एखादा तरुण अचानक कोसळतो. हातपाय झटकू लागतो, दातखिळी बसते, तोंडाला फेस येतो. लगेच गर्दी जमते. कुणी कांदा आणायला धावतो, कुणी पायातली चामड्याची चप्पल काढून त्याच्या नाकाला लावतो. चामड्याचे काम करणाऱ्यांना ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्याच समाजाला ते चामडे दोन मिनिटांपुरते औषध वाटते! आकडी बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, श्रेय मात्र चप्पल घेऊन जाते. घरी नेल्यावर देवऋषी येतो, अंगारा लागतो. या सगळ्या धावपळीत ‘आकडी का आली?’ हा साधा प्रश्न किती जण विचारतात?

या प्रश्नाचे उत्तर मेंदूत आहे. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी एकमेकींशी बोलतात. हे संदेश नेणाऱ्या अनेक तंतूंवर चरबीयुक्त आवरण असते. जर्मन वैद्य रुडॉल्फ विरशॉ यांनी १८५४ साली त्याला ‘मायलीन’ हे नाव दिले. विजेच्या तारेवर प्लॅस्टिक असते, तसेच हे आवरण. आवरण असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला शंभर मीटरपर्यंत धावतो. आवरण नसलेल्या बारीक तंतूतून तो मीटर-दोन मीटरच सरकतो.

आवरण झडले की संदेश रेंगाळतो, वाटेतच अडतो. आकडी म्हणजे तर संदेशांचा भडिमार! मग आवरण झडल्याने आकडी कशी येईल? येथेच खरी मेख आहे. मेंदूत चेतवणाऱ्या पेशी असतात, तशा त्यांना आवर घालणाऱ्या पेशीही असतात. या आवर घालणाऱ्यांपैकी कित्येकींच्या तंतूंवरही मायलीन असते. ते झडले की लगाम ढिला पडतो. शिवाय मायलीन तयार करणाऱ्या पेशी तंतूंभोवती साचणारे पोटॅशियम उपसण्याचे कामही करतात. त्या मेल्या की पोटॅशियम तुंबते आणि भोवतालच्या पेशी चटकन भडकतात.

यात तेल ओततो तो दाह. शरीराची संरक्षक यंत्रणा रोगजंतूंशी लढण्यासाठी आहे. पण कधी ती आपल्याच मायलीनवर तुटून पडते. मेंदूतील पहारेकरी पेशी अशा वेळी जी रसायने सोडतात, ती मज्जापेशींना चिडखोर करतात. त्यातून आकडी येते आणि आकडीमुळे दाह आणखी वाढतो. असे हे दुष्टचक्र आहे.

फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगाचे सविस्तर वर्णन केले. यात मायलीन ठिकठिकाणी नष्ट होते. या रुग्णांपैकी शंभरात साधारण दोन ते पाच जणांना आकडी येते. सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. मायलीनवरच्या ‘मॉग’ नावाच्या प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करते, असाही एक आजार आहे. त्यात, विशेषतः मुलांमध्ये, कधी कधी आकडी हेच पहिले लक्षण असते. अशा वेळी आकडीच्या गोळीबरोबर दाह शमवणारी स्टेरॉइडसारखी औषधेही द्यावी लागतात. म्हणजे कारण सापडले की उपचार बदलतो!

प्रत्येक आकडी मायलीन झडल्यानेच येते, असे मात्र कुणी समजू नये. २०२२ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राण्यांवरील प्रयोगांत याच्या उलटेही दाखवले. एका प्रकारच्या अपस्मारात आकड्यांमुळे काही मार्गांवर मायलीन वाढले आणि त्यामुळे आकड्या आणखी वाढल्या. विज्ञान असे प्रत्येक गोष्ट तपासत पुढे जाते. देवऋषी काय तपासतो?

दाहाचे आपल्या देशातले मोठे उदाहरण म्हणजे पट्टकृमीची मेंदूत शिरलेली अळी. ती मरू लागली की तिच्याभोवती सूज येते आणि आकडी येते. ‘डुक्कर खाणाऱ्यांचा रोग’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून दूषित पाणी, भाजी आणि हातांवाटे पोटात जातात. म्हणून हा रोग कट्टर शाकाहाऱ्यालाही होतो. हा प्रश्न जातीचा नाही. तो संडासाचा, स्वच्छ पाण्याचा आणि नगरपालिकेच्या जबाबदारीचा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाल्यास त्यांतील सत्तर टक्क्यांपर्यंत लोक आकडीमुक्त जगू शकतात. तरीही मुलीला आकडी येते हे कळले की सोयरीक मोडते. हिंदू विवाह कायद्यातच अपस्माराची आडकाठी होती. ती १९९९ साली काढली गेली. कायदा बदलला, माणसे कधी बदलणार?

म्हणून आमचे सांगणे इतकेच. आकडी आलेल्याला कुशीवर वळवा, त्याच्या तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर तातडीने दवाखाना गाठा. पहिलीच आकडी असेल, तर थांबल्यावरही डॉक्टरांना दाखवा. गरजेप्रमाणे मेंदूचा आलेख, एमआरआय होऊ द्या. गोळ्या मनाने बंद करू नका. आणि डॉक्टरांनाही निर्भयपणे विचारा, ‘ही आकडी का येते?’ ‘का?’ विचारणे हा आपला हक्क आहे. तो दवाखान्याच्या दारातही सोडू नका!