चिचुंद्री आणि आंबोलीचा भेक

कणगीखालीं चिंचिं आवाज झाला कीं काठी घेऊन उठणारे शेतकरी पुष्कळ आहेत. चिचुंद्री उंदराची जात समजून मारिली जाते. वस्तुतः ती उंदराच्या वर्गांतली नव्हेच. उंदराचे पुढचे दांत पटाशीसारखे व जन्मभर वाढणारे. चिचुंद्रीचे बारीक व अणकुचीदार, किडे फोडण्याजोगे. लांब निघालेलें नाक, बारीक डोळे व कुशींतील ग्रंथींचा उग्र दर्प यांवरून ती ओळखावी. झुरळें, भुंगेरे, अळ्या हें तिचें मुख्य खाद्य. देह लहान असल्यामुळें अंगांतील ऊब लवकर जाते, म्हणून तिला थोड्या थोड्या वेळानें खावेंच लागतें. भिंतीच्या कडेनें रात्रभर चालणारी तिची धांवाधांव यासाठींच. कोंबडीच्या लहान पिलांस तिच्यापासून जपावें लागतें, हें आम्ही नाकारीत नाहीं.

किडे खाण्याचेंच काम करणारा, पण दैवानें फार निराळा असा प्राणी सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आंबोलीस आहे. भेक म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक. आंबोलीच्या भेकाचें शास्त्रीय वर्णन 2009 सालीं प्रसिद्ध झालें. तो जांभ्या दगडाच्या सड्यावर राहतो आणि पहिल्या पावसांत खडकावरील उथळ डबक्यांत अंडीं घालितो. आपल्या अंगणांतला सामान्य भेक हजारों अंडीं घालितो. याचीं फार थोडीं. पावसानें ओढ दिली कीं डबकें आटतें व पिलें मरतात.

चिचुंद्री माणसाच्या मालाबरोबर जहाजांतून दूरदूर पोंचली. प्रशांत महासागरांतील ग्वाम बेटावर ती 1953 सालीं शिरली. भेकास मात्र आंबोलीचा रस्ता ओलांडणेंही कठीण, कारण पावसाळी रात्रीं तो वाहनांखालीं चिरडला जातो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानें त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली आहे. एकीला घर, गोठा, गटार, कांहींही चालतें. दुसऱ्यास तोच सडा व तींच डबकीं हवींत.

शिवाय भेक तोंडानें पाणी पीत नाहीं, कातडींतून शोषितो. त्यामुळें तणनाशक वा कीटकनाशक मिसळलेलें पाणी थेट त्याच्या अंगांत जातें.

ज्यांच्या मालकींत असा सडा आहे त्यांनीं त्यावर माती टाकून खळगे बुजवूं नयेत, आणि फवारणीचे पंप तेथें धुऊं नयेत. नांगरास निरुपयोगी म्हणून सडा पडीक समजला जातो, ही समजूत आम्हांस अपुरी वाटते. आणि चिचुंद्री पिंजऱ्यांत सांपडली तर न मारतां कुंपणापलीकडे सोडावी. सोडतांना हात लावूं नये, ती चावते.